स्टॅनफर्डचं बिल कोण भरतं?

१ ऑक्टोबर १८९१ रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा तिथे शिकायला फी नव्हती. राहण्या-जेवणाचं ज्याचं त्याने पाहायचं, वर्गात बसणं फुकट. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर या पहिल्याच तुकडीतला. आईबाप लहानपणीच गेलेले; मिळेल ते काम करत त्याने पदवी पुरी केली. फी आली १९२० साली. आज पदवीच्या मुलाची नुसती शिकवणी फी वर्षाला ६५ हजार डॉलरच्या वर आहे. आणि ऑगस्ट २०२४ अखेर विद्यापीठाची गंगाजळी होती ३७.६ अब्ज डॉलर.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिला प्रश्न ठरलेला: तिजोरीत एवढं असताना पोरांकडून एवढं कशाला घेता? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. त्याआधी विचारायला हवं की हा सगळा डोलारा आजवर उभा राहिला कुणाच्या पैशावर. दानशूर संस्थापकाची पुण्याई, हे नेहमीचं उत्तर. इतिहास चाळला तर वेगळंच दिसतं. जवळपास प्रत्येक टप्प्यावर बिलाचा मोठा वाटा करदात्याने उचलला आहे आणि हिशेबाची वही मात्र विश्वस्तांच्या कपाटात राहिली आहे. अशा विद्यापीठाचा कारभार सरकारच्या हाती अजिबात देऊ नये, पण ती वही लोकांपुढे उघडी असावी, असं माझं म्हणणं आहे. यातलं एक हवं असेल तर दुसरं सोडा, असं दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. मला ते पटत नाही.

संस्थापकापासूनच सुरुवात करू. लीलंड स्टॅनफर्ड हा सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या चार बड्या भागीदारांपैकी एक. ही रेल्वे बांधायला अमेरिकन सरकारने मैलामागे १६ ते ४८ हजार डॉलरचे रोखे कर्जाऊ दिले, सपाटीला कमी आणि डोंगराला जास्त. वर रुळांच्या दोन्ही अंगांच्या जमिनी बहाल केल्या. रोख्यांचं कर्ज पुढे कंपनीने फेडलं, हे नोंदवायला हवं. जमिनी मात्र बक्षिसीच होत्या. सिएरा नेवाडाचे कातळ फोडून बोगदे काढले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. १८६२ मध्ये गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच भाषणात याच स्टॅनफर्डने चिनी लोकांना इथे वसू देऊ नये असं सांगितलं होतं. काही वर्षांत त्यांच्याच घामावर तो कोट्यधीश झाला. १० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी समिट इथे रुळांची दोन टोकं जुळली, तेव्हा सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान त्याचा होता. तो खिळा आज विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

१८८४ मध्ये एकुलता एक मुलगा, पंधरा वर्षांचा, फ्लोरेन्समध्ये विषमज्वराने गेला. पुढच्याच वर्षी आईबापांनी त्याच्या नावाने विद्यापीठाची सनद केली, पालो आल्टोजवळची आठ हजार एकरांहून जास्त जमीन तिला जोडली आणि ती कधीही विकायची नाही अशी अट घातली. पुत्रशोकातून झालेलं हे दान मनापासूनचं होतं, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण दान मनापासूनचं होतं म्हणून ती संपत्ती कशी जमली हे विचारू नये, असं थोडंच आहे?

बाजूलाच एक गोष्ट सांगायला हवी. संशोधन करणारं खासगी विद्यापीठ ही कल्पना स्टॅनफर्डची नव्हे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या ७० लाख डॉलरपैकी अर्ध्यातून १८७६ मध्ये त्याच्या नावाचं विद्यापीठ निघालं, आणि जर्मन वळणाचं संशोधन अमेरिकेत रुजलं ते तिथे. त्याची बरीचशी ठेव एकाच रेल्वेच्या शेअरमध्ये होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्या रेल्वेने लाभांश थांबवला आणि विद्यापीठाच्या तोंडचं पाणी पळालं. एका माणसाच्या पुण्याईवर विद्यापीठ चालत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

स्टॅनफर्डला तो मिळायला वेळ लागला नाही. लीलंड जून १८९३ मध्ये वारला. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक घबराट माजली होती. इस्टेट कोर्टात अडकली. विधवा जेन स्टॅनफर्ड हिला घरखर्चासाठी महिना १० हजार डॉलर मिळावेत असं कोर्टाने ठरवलं. मग वकिलांनी शक्कल लढवली आणि विद्यापीठातले प्राध्यापक हे बाईंच्या पदरचे नोकर आहेत असं मान्य करून घेतलं, म्हणजे त्यांचे पगार घरखर्चात बसतील! बाईंनी स्वतःचा खर्च कमालीचा आखडला आणि उरलेलं सगळं पगारांना दिलं. १८९७ मध्ये राणीच्या ज्युबिलीच्या वेळी आपले दागिने विकायला ती लंडनला गेली. गिऱ्हाइकं फारशी मिळाली नाहीत. पुढे त्या दागिन्यांचा विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी कायमचा निधी झाला आणि तो आजही चालू आहे.

या सगळ्यात सरकारने दीड कोटी डॉलरचा दावा लावला होता. रेल्वेच्या कर्जातला स्टॅनफर्डचा भागधारक म्हणून येणारा वाटा त्याच्या इस्टेटीने आधीच द्यावा, असं सरकारचं म्हणणं. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा फेटाळला आणि विद्यापीठ वाचलं. निकाल कायद्याला धरूनच होता. तरी एवढं लक्षात ठेवलं पाहिजे की करदाता आपली उधारी मागत दारात उभा राहिला होता. ही कहाणी जेनच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. फक्त तिचं दुसरं पानही वाचावं.

आता त्याच बाईची दुसरी बाजू. १८९९ मध्ये तिने फतवा काढला की विद्यापीठात एका वेळी पाचशेहून जास्त मुली नकोत. मुलाच्या स्मारकाचं मुलींचं कॉलेज होईल अशी तिला धास्ती वाटली. ती मर्यादा सैल व्हायला १९३३ उजाडलं. त्याहून गाजलं ते एडवर्ड रॉस प्रकरण. हा समाजशास्त्राचा प्राध्यापक रेल्वे कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध बोलायचा, आणि जपानी लोकांच्या स्थलांतराविरुद्धही, तेही ऐकवणार नाही अशा भाषेत. बाईंनी त्याला काढा म्हणून धोशा लावला आणि नोव्हेंबर १९०० मध्ये त्याला जावं लागलं. निषेध म्हणून आणखी काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यातला आर्थर लव्हजॉय पुढे १९१५ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांची संघटना काढणाऱ्यांपैकी एक. रॉसची मतं मला किळसवाणी वाटतात. तरीही ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा नियम विद्यापीठात लागू झाला की काय होतं, याचा तो स्वच्छ नमुना आहे. पोळी वाढणारा देणगीदार असो की सरकार, टाळीची अपेक्षा सुटत नाही. म्हणून कारभार कुणाच्याच मुठीत नको.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत स्टॅनफर्ड हे बऱ्यापैकी प्रादेशिक विद्यापीठ होतं. ते जगाच्या नकाशावर आलं ते फ्रेडरिक टर्मनमुळे. युद्धकाळात हार्वर्डमधली रडारविरोधी संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा त्याने चालवली. १९४६ मध्ये इंजिनिअरिंगचा डीन होऊन परतला तो एक गोष्ट पक्की समजून, की यापुढे विज्ञानाला पैसा वॉशिंग्टनहून येणार. ज्या विषयांना लष्कराचा आणि संघराज्य सरकारचा पैसा आहे, तिथे त्याने उत्तमोत्तम माणसं आणली. विकता न येणारी जमीन भाड्याने देता येते, हेही लक्षात घेऊन १९५१ मध्ये उद्योगांसाठी पार्क काढला. सिलिकॉन व्हॅलीचं बाळकडू असं पाजलं गेलं. १९६० च्या दशकात तिथे इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देणारा दोन मैल लांबीचा त्वरक बांधला गेला, ११.४ कोटी डॉलर खर्च पूर्णपणे सरकारचा, जागा स्टॅनफर्डची. १९६९ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी गोपनीय लष्करी संशोधन होणाऱ्या प्रयोगशाळेत नऊ दिवस ठिय्या दिला, तो याच नात्याविरुद्ध.

मग पैसा येतो कसा? इथे जरा थांबू, कारण सगळ्या वादाची मेख इथे आहे. समजा एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून कर्करोगावरच्या कामासाठी शंभर डॉलर मिळाले. त्यातून संशोधक विद्यार्थ्याचा पगार, रसायनं, उंदीर. पण उणे ८० अंशांचे फ्रीझर रात्रंदिवस चालतात त्याची वीज, उंदरांच्या खोलीची हवा, विषारी कचरा उचलणारा माणूस, इमारतीची घसारा, ग्रंथालय, हिशेब तपासणारं ऑफिस, हे त्या शंभरात बसत नाही. म्हणून सरकार ठरलेल्या दराने वरकड खर्च वेगळा देतं. दर ५५ टक्के असेल तर शंभरावर आणखी ५५. हा खर्च खरा आहे. ज्यांना तो नुसती चैन वाटते त्यांनी एखाद्या प्रयोगशाळेत वीज गेल्यावर काय धावपळ होते ते पाहावं.

पण खर्च खरा आहे म्हणजे प्रत्येक पावती खरी आहे असं नाही. १९९०-९१ मध्ये नौदलाच्या संशोधन कार्यालयाचा स्टॅनफर्डमध्ये बसणारा प्रतिनिधी पॉल बिडल याने वह्या उघडल्या, आणि वरकड खर्चात काय काय निघावं? व्हिक्टोरिया नावाच्या नौकेची घसारा. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरातली फुलं, देवदार लाकडाचं कपाट, फर्निचर. १९९१ च्या मार्चमध्ये संसदेच्या समितीपुढे जाहीर शोभा झाली, अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी पद सोडायचं ठरवलं, आणि सत्तरीच्या घरातला दर ५५.५ टक्क्यांवर आला. प्रशासकीय खर्चाच्या भागावर सरकारने सगळ्याच विद्यापीठांना २६ टक्क्यांची मर्यादा घातली. १९९४ मध्ये प्रकरण मिटलं ते स्टॅनफर्डने १२ लाख डॉलर भरून. फसवणुकीचा ठपका सरकारने ठेवला नाही.

या शेवटच्या वाक्याकडे नीट पाहा. एवढा गदारोळ, संसदेत झाडाझडती, आणि अखेर १२ लाख. म्हणजे नौका आणि फुलं हा मूळ रोग नव्हताच. दर ठरायचे ते विद्यापीठ आणि सरकारी कार्यालय यांच्यातल्या घासाघिशीत, बंद दाराआड. कुणालाही वही पाहता येत असती तर नौका पहिल्याच वर्षी बाहेर आली असती आणि अध्यक्षाचा बळीही गेला नसता. पुढची पस्तीस वर्षंही मुळात व्यवहार तोच राहिला आहे. दर जाहीर असतो. त्याच्या पोटात काय आहे, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत कुठेही मांडलेलं नसतं.

आणि सरकारी पैशाने झालेल्या शोधाची कमाई? १९७३ च्या सुमारास स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याचं तंत्र काढलं. त्याच्या पेटंटमधून १९९७ पर्यंत दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर आले. गूगलचं शोधतंत्र ज्या संशोधनातून निघालं त्यालाही सरकारी अनुदान होतं. त्याचं पेटंट स्टॅनफर्डकडे होतं, मोबदल्यात मिळालेले शेअर २००५ मध्ये विकून ३३.६ कोटी डॉलर मिळाले. सरकारी पैशातून झालेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला ठेवू देणाऱ्या १९८० च्या बे-डोल कायद्याने असा व्यवहार रीतसर आहे, आणि मला त्यात चोरी दिसत नाही. शोध कपाटात कुजण्यापेक्षा बाजारात आलेला बरा. फक्त ही मिळकत गंगाजळीत मिसळली की करदात्याचा त्यातला वाटा कागदावरूनही पुसला जातो.

आता फी. इथे मला टीकाकारांशीही भांडायचं आहे. ६५ हजार ही छापील किंमत आहे. वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी कमाई असलेल्या घरातल्या मुलाला स्टॅनफर्ड शिकवणी, राहणं आणि जेवण तिन्ही माफ करतं. दीड लाखापर्यंत शिकवणी माफ. जुन्या भाषेत नादारीच, तीही सढळ हाताने. हेच मूल एखाद्या मध्यम सरकारी विद्यापीठात गेलं तर कर्ज काढावं लागू शकतं. मग छापील किंमत एवढी का? कारण ती भरू शकणारी घरं भरपूर आहेत. पदव्युत्तर मास्टर्सला येणाऱ्यांना मात्र ही सवलत सहसा नसते, आणि त्यांत बाहेर देशांतून आलेल्यांचा, भारतातून गेलेल्यांचाही, भरणा मोठा असतो. कर्ज काढून पूर्ण रक्कम भरणाऱ्या या मुलांबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही.

गंगाजळी फोडा आणि फी बंद करा, असं म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ती एक तिजोरी नसून हजारो स्वतंत्र निधी आहेत, बहुतेकांवर देणगीदाराच्या अटी. आणि वर्षाला तिच्यातून जे काढलं जातं त्यातून विद्यापीठाच्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा भागतो. मुद्दल खाल्लं तर पुढच्या पिढीने काय करायचं? इथवर विद्यापीठाचं बरोबर. पण खरी टंचाई पैशाची नाही, जागांची आहे, आणि त्यावर ते गप्प असतात. २०२४ मध्ये पन्नास हजारांहून जास्त अर्ज, आणि पदवीच्या पहिल्या वर्षात सुमारे १,७०० मुलं. आठ हजार एकर जमीन असलेल्या संस्थेला एवढीच मुलं बसवता येतात, हे पटायला जड जातं. नादारी सढळ आहे, पण दार अरुंद आहे.

जमिनीवरून शेजाऱ्यांशीही खडाजंगी आहेच. विद्यापीठाच्या शैक्षणिक वापरातल्या आणि भाड्याने राहणाऱ्यांच्या बऱ्याच इमारतींना मालमत्ता कर नाही. तिथल्या कुटुंबांची मुलं मात्र पालो आल्टोच्या सरकारी शाळांत जातात. विस्ताराची मोठी परवानगी मागताना घरं किती बांधायची आणि शाळांचा भार कुणी उचलायचा, यावर काउंटीशी, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाशी, जमेना; नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टॅनफर्डने अर्जच मागे घेतला.

२०२५ मध्ये सरकारचा पवित्रा बदलला तो भलत्याच दिशेला. वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने फेब्रुवारीत सगळ्यांचा वरकड खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टांनी ते अडवलं. गंगाजळीच्या उत्पन्नावर २०१७ च्या कायद्याने १.४ टक्के कर होता, तो सर्वांत श्रीमंत विद्यापीठांसाठी ८ टक्क्यांपर्यंत वाढवला. स्टॅनफर्डने १४ कोटी डॉलरची काटछाट जाहीर केली आणि ३६३ जणांना कामावरून कमी केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. सरसकट १५ टक्क्यांनी नौका बुडत नाही, फ्रीझर बंद पडतात. कराचा पैसा जातो सरकारी खजिन्यात. त्यातून एकही जागा वाढत नाही, एकाही मुलाची फी माफ होत नाही. आणि हे सगळं विद्यापीठांना वैचारिक शिस्त लावायच्या आरोळ्यांच्या जोडीने चाललं आहे. जेन स्टॅनफर्डला रॉस नको होता. आताच्या मालकांना दुसरे कुणी नकोत.

याच कराची रचना बदलून जी संस्था पदवीच्या जागा वाढवेल तिला सूट, जी वाढवणार नाही तिला पूर्ण दर, असं करता आलं असतं. वरकड खर्चाच्या दराबरोबर त्याच्या खात्यांची फोड दरवर्षी छापायची अट घालता आली असती. कोणत्या उत्पन्नगटातल्या किती मुलांनी प्रत्यक्षात किती भरले, तेही. यातल्या कशानेही कुणी काय शिकवावं याला हात लागत नाही.

विद्यापीठ मात्र हिशेब विचारला की स्वायत्ततेची ढाल पुढे करतं, आणि ती किती ताणली जाते हेही २०२५ नेच दाखवलं. राज्याचा पैसा घेणाऱ्या खासगी विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केला होता. स्टॅनफर्डने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा विचार करणं चालू ठेवायचं ठरवलं, आणि त्यासाठी गरजू मुलांना राज्याकडून मिळणारं कॅल ग्रांट अनुदान सोडलं; तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून देऊ म्हणाले. ते त्यांना परवडलं, कारण ती रक्कम लहान होती. संघराज्य सरकारकडून संशोधनासाठी येणारा पैसा असा सोडून देणं त्यांना परवडणार नाही, आणि त्या पैशाबरोबर अट घालण्याचा अधिकार कॅलिफोर्नियाला नसला तरी वॉशिंग्टनला आहे.